सुनेची चिनी अक्षरं आणि माझा उजवा हात

माझं अक्षर चांगलं होतं. हे मी स्वतःच सांगते, त्यात लाजायचं काय? जिल्हा परिषदेच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत मी पहिलीचा वर्ग सोडला नाही. मेहकरात कोणाकडे लग्न निघालं की पत्रिकांच्या पाकिटांवर नावं घालायला गठ्ठा माझ्याकडे यायचा. दसऱ्याला तर दारात रांग लागायची. ज्यांचं लेकरू शिकायच्या वयाला आलं, ते नवी पाटी आणि लेकरू दोन्ही घेऊन यायचे. मी लेकराला मांडीवर घ्यायची, त्याचा हात माझ्या हातात धरायची आणि पाटीवर पहिला 'श्री' काढून घ्यायची. बाईंच्या हाताखालून श्री निघाला की लेकराचं अक्षर वळणदार होतं, असा आमच्या गल्लीचा समज होता. मीही तो कधी खोडून काढला नाही.

नात जन्मली तेव्हा दवाखान्यातच सांगून टाकलं होतं, "हिचा श्री मी काढून घेणार. कोणी मधी यायचं नाही."

आणि गेल्या उन्हाळ्यात कुरडया घालता घालता माझ्या हातातून सोऱ्या गळून पडला. उचलायला गेले तर हात उचलेना. तोंडही एका बाजूला गेलं. लकवा. संभाजीनगरला नेलं, जीव वाचला. पाय परत आला, बोलणं परत आलं. मुलगा म्हणतो बोलणं जरा जास्तच परत आलं. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. वाटी धरायचा, सांडायचा. पेन धरायचा, पण ओढायची वेळ आली की थरथरायचा.

व्यायाम शिकवणारा डॉक्टर म्हणाला, "आजी, दुरेघी वही आणा आणि रोज अ, आ, इ, ई गिरवा. हात मोकळा होईल." मुलाने वही आणली. मी एक अ काढला. तो बघितला आणि वही भिंतीवर फेकायला गेले, तर ती माझ्याच पायाशी पडली. त्याचाही राग आला. अर्ध्या गावाला अ शिकवलेली बाई मी, आणि असला अ? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? घरात सांगून टाकलं, मी आता लिहिणार नाही. दसरा यायचा तेव्हा येईल, यंदा नातीचं वय झालंय, तर तिचा श्री तिच्या आईने काढून घ्यावा. असं म्हणाले खरी, पण त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले.

आता सुनेविषयी सांगते. ती दुसरबीडची, शेतकऱ्याच्या घरची. बी.कॉम. झालेली, कामाला वाघीण, आणि अक्षराने म्हणाल तर कोंबडीचे पाय. मुलाचं फवारणीच्या पंपांचं दुकान आहे. त्यातलं बरंचसं सामान चीनचं, खोक्यातले माहितीचे कागदही चिनी. सुनेची कॉलेजातली मैत्रीण पुण्यात असले कागद मराठी-हिंदीत करून देते, घरबसल्या. ते ऐकून हिनेही मोबाईलवर चिनी शिकायला घेतलं. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही म्हटलं होतं, "आधी दुसरबीडचं बोलणं विसर, मग चिनी शीक." ती म्हणाली, "हाव आई, दोन्ही सोबत करते." उलट उत्तर नाही, पण माघारही नाही. तशीच आहे ती.

माझ्यावर लक्ष राहावं म्हणून ती दुपारी माझ्या खाटेशी बसायची. नात झोपलेली, स्वयंपाकघर आवरलेलं, आणि ही चौकटीच्या वहीत मान खाली घालून लिहीत बसलेली. मी पडल्या पडल्या बघायची. एक दिवस बघवेना.

"काय वं हे? रेघ हाय का उतार हाय?"

"घाई होते वो आई. क्लास आहे साडेतीनला."

"रेघेले कायची घाई? आण इकडं ते."

पेन मी कोणत्या हाताने हिसकावून घेतला हे मला तेव्हा कळलंच नाही. पहिलीच्या वर्गात आयुष्य गेलेल्या बाईला वाकडी रेघ दिसली की हात आपोआप पुढे जातो. मी तिच्या चौकटीत आडवी रेघ ओढली. ती थरथरत गेली, शेवटी जरा वर चढली. मग मला दिसलं की पेन उजव्या हातात आहे. आता ही कीव करणार म्हणून मी तोंड फिरवायच्या बेतात होते.

सुनेने रेघेकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही एक लिहिला."

"कायचा एक?"

"चिनी एक. चिनीत एक म्हणजे एवढंच, एक आडवी रेघ. दोन म्हणजे दोन रेघा."

मी माझ्या एककडे बघत बसले. मराठी असता तर मी तो तिथंच नापास केला असता. पण चिनी एक चांगला कसा दिसतो आणि वाईट कसा, हे मला काय ठाऊक? माझ्या डोक्यात त्याचा नमुनाच नव्हता, त्यामुळे राग यायला जागाच नव्हती. कितीतरी महिन्यांनी मी लिहिलेलं काहीतरी फाडावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "दोन दाखव."

दोन झाले, तीन झाले. मला वाटलं सोपं आहे, चारला चार रेघा. तर चार म्हणजे एक पेटी आणि तिच्यात दोन पाय! मी म्हटलं, ही फसवणूक आहे. सून हसली आणि पेटी काढायची रीत सांगितली. आधी डावी भिंत, मग छत आणि उजवी भिंत एका ओढीत, मग आतलं सामान भरायचं, आणि खालची रेघ सगळ्यात शेवटी. आतलं भरल्याशिवाय दार लावायचं नाही. वावराचं, म्हणजे शेताचं, अक्षरही तसंच. चौकोनी वावर, आत आडवा-उभा असे दोन धुरे, म्हणजे बांध, आणि खालचा धुरा शेवटी. वावर तर मला एवढं आवडलं की मी वहीचं पान भरून वावरं काढली. मुलगा म्हणाला, "आई, एवढी जमीन आपल्या खानदानात कोणाची नव्हती."

हात काही लगेच सुधारला नाही. माझा पाराही तोच होता. एकदा 'मोठा' हे अक्षर काढलं. माणूस हात पसरून उभा असतो तसं दिसतं ते. काढून झालं आणि मी सवयीने वरून शिरोरेघ दिली. आपलं अक्षर वरून रेघ दिल्याशिवाय पुरं होतं का? सून बघून पोट धरून हसायला लागली. "आई, तुम्ही मोठ्याचं आभाळ केलं!" खरंच, चिनीत मोठ्यावर एक रेघ दिली की आभाळ होतं. मी चिडून म्हटलं, "मग होऊ दे आभाळ, डोक्यावर काहीतरी पाहिजेच की." त्या दिवशी मीही हसले. तोंडाची वाकडी बाजूसुद्धा हसली, असं सून सांगते.

पण आभाळ काढायची रीत मला समजायला वेळ लागला. वरची रेघ आधी काढायची. आपल्याकडे ती शेवटी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चिनी अक्षर एका दमात वाहत नाही. एक रेघ ओढायची, पेन उचलायचा, थांबायचं. मग दुसरी. माझा हात वाहायला तयार नव्हता, पण एक रेघ ओढून थांबायला तयार होता. थांबला की दम घ्यायचा, आणि पुढच्या रेघेला पुन्हा हजर. डॉक्टर म्हणाला, आजी, काय जादू केली? मी म्हटलं, साठी बुद्धी नाठी झाली, चिनी शिकून राह्यली.

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, झेंडू बाजारात आला, आणि दसरा उजाडला. रांग लागायच्या आधीच मी मुलाला सांगून दाराला कडी लावून घेतली होती. चिनी वाकडं निघालं तर मेहकरात कोणाला कळतंय? पण श्री सगळ्यांना येतो, आणि माझा श्री कसा होता तेही सगळ्यांना ठाऊक. सुनेला म्हटलं, "तूच काढून घे पोरीचा."

"माझं अक्षर?" ती म्हणाली. "पोरीचं वाटोळं करता का आई?"

तिने पाटी पुसली, सरस्वती काढली, वर झेंडू ठेवला. दुसरी पाटी माझ्यासमोर ठेवली आणि नातीला उचलून सरळ माझ्या मांडीवर बसवलं. मग आरतीचं तबक घ्यायला म्हणून आत निघून गेली. नात माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, काढ ना वं."

मी तिच्या बोटांत पेन्सिल दिली आणि तिचा हात धरला. माझा हात तिच्या हातापेक्षा जास्त हलत होता. श्रीची पहिली गाठ घ्यायला गेले आणि हात तिथंच अडला. वाटलं, उठावं आणि आत जाऊन पडावं. मग मी पाटीवरून पेन्सिल उचलली, थांबले, आणि सगळ्यात आधी वर एक आडवी रेघ ओढली. थांबले. तिच्याखाली एक वळण. उचलली. दुसरं वळण. उचलली. दांडा. दम घेतला. वेलांटी. असा श्री मी जन्मात काढला नव्हता, तुकड्या-तुकड्याने, छत आधी आणि घर नंतर. पण पुरा झाला. नातीचा हात अजून माझ्या हातातच होता.

वाकडा होता. दांडा कलला होता, वेलांटी वर निसटली होती. माझ्या वर्गातलं असं अक्षर मी पाटीवर राहू दिलं नसतं. मी फडक्याकडे हात नेला.

सून दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती आली आणि फडकं उचलून पाठीमागे धरलं.

"राहू द्या आई. तो तुमचा नाही, पोरीचा हाय."

मला रडू आलं. लपवलं नाही, लपवायचं कोणापासून? म्हटलं, "पोरी, तू नसती तर मी पेन धरला नसता. तेव्हा मुद्दाम वाकडी रेघ काढत होतीस ना, मी चिडावं म्हणून?"

"नाही वो आई," ती म्हणाली, "माझं अक्षर खरंच घाण हाय."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "दाराची कडी काढ. लोकं पाट्या घेऊन बाहेर थांबले असतील."