जुना कर्नल लावून बघ

अलिबागच्या ऑफिसात सर्व्हर आम्ही दोघंच सांभाळायचो, मी आणि दादा. दादा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, बोर्ली पंचतनकडचे. हे काम मला त्यांनीच शिकवलं. आसपासच्या लहान दवाखान्यांचे रक्ततपासणीचे रिपोर्ट आमच्या मशीनवरून जायचे.

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलायचं काम माझ्याकडे आलं. एका रविवारी सकाळी मी ते उरकलं, सगळं सुरू झालेलं पाहिलं आणि चौलला घरी जेवायला गेले. सोमवारपासून सर्व्हर रखडायला लागले. बंद पडत नव्हते, नुसते रखडत होते. चटकन उघडणाऱ्या रिपोर्टला मिनिट लागायचं. मेमरी मोकळी, डिस्क ठीक, नेटवर्क ठीक. प्रोसेसर मात्र कशात तरी अडकलेला.

"एक मशीन जुन्या कर्नलवर चालवून बघ गं," दादा म्हणाले. "दहा मिनिटांचं काम हाय."

"कर्नलचं काही नाही. मी चाचणी घेतलीय."

घेतली होती, पण रिकाम्या मशीनवर, कामाचा भार नसताना. हे मला ठाऊक होतं. दादांनी परत विचारलं नाही. दुसऱ्याच्या कामात हात घालायची त्यांची रीत नव्हती.

मीटिंगमध्ये साहेब त्यांच्याकडे वळले. "तुमचा तो बॅकअपचा जुना प्रोग्राम असणार. अजून किती दिवस चालवणार तो?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले.

पुढचे आठ दिवस ते आपला प्रोग्राम ओळ न् ओळ तपासत बसले. अर्धा नव्याने लिहिला. फरक पडला नाही. महिनाअखेरीला त्यांना "आता विश्रांती घ्या" असं सांगण्यात आलं. ड्रॉवर रिकामा करून दादा कुणाला न सांगता एसटी स्टँडकडे चालत गेले.

ते गेल्यावरही सर्व्हर रखडतच होते. तीन आठवड्यांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, मशीन सुरू होतानाची नोंद मी पहिल्यांदाच पूर्ण वाचली. त्यात एक ओळ होती. नव्या कर्नलला प्रोसेसरमधल्या घड्याळाचा भरवसा वाटला नव्हता, म्हणून त्याने दुसरं, संथ घड्याळ धरलं होतं. आमचा डेटाबेस सेकंदाला हजारो वेळा 'किती वाजले' विचारतो. दर वेळी तो तिथे थांबत होता.

मग मी एक मशीन जुन्या कर्नलवर चालवलं. रिपोर्ट लगेच उघडला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. साहेबांनी वडापाव मागवले. माझा मी कागदातच ठेवला.

रविवारी बोर्लीला गेले. "मागं हायत, सुपारी सोलतायत," वहिनी म्हणाल्या. मी दादांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला.

"जुन्यावर लगेच पळालं?"

"हो."

"मला वाटत होतं माझंच काही चुकतंय," ते म्हणाले. " वाचून वाचून माझाच प्रोग्राम मला कळंना झाला होता."

"मी साहेबांना सांगते, दादा. तुम्हाला परत बोलवायला लावते."

"तेव्हा बोलायचं होतंस."

वहिनींनी चहा आणला. दादांनी माझ्यासाठी बशी पुढे केली, पण स्वतः घेतला नाही.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं. त्यांनी खरंच फोन केला. दादा नको म्हणाले, कारण दिलं नाही.

गेल्या महिन्यात एका मशीनचं कोडं सुटेना म्हणून मी धीर करून त्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं, कुठे बघायचं ते नेमकं सांगितलं. मी आभार मानले.

"त्यात काय," ते म्हणाले. "तुम्ही बघा करून. नाही जमलं तर कळवा."

इतक्या वर्षांत दादा मला कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते.