दर कट्ट्याला दहा बैठका

गोंदियाजवळच्या कुडव्यात मी नवा मास्तर होतो, तेव्हा समोरच्या छपरीत एक बाई दिवसभर विड्या वळत बसे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधून झाला की ती सूप बाजूला ठेवी, पदर खोची आणि कशाचाही आधार न घेता दहा बैठका मारी. मग पुन्हा विड्या. येणारेजाणारे हसत, तिचं लक्ष नसे.

मला मात्र व्यायामाला कधीच वेळ मिळत नव्हता. एकदा धीर करून विचारलं, "बाई, एवढ्या कामात हे जमतं कसं?"

"माह्यी माय याच कामात बसून बसून आखडली, गुरुजी. मंग तिले उचलूनच न्या लागे. मले कोन उचलनार हाय? म्हून उठून राहिली."

तिची पन्नाशी उलटली होती. दिवसाला चाळीस कट्टे, म्हणजे चारशे बैठका! मी थक्क झालो.

संध्याकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन कारखान्याकडे निघाली. मीही त्याच वाटेनं होतो, पण तिला गाठता गाठता मला धाप लागली.