थांब हं, आलेच

"थांब हं, आलेच."

हे म्हणताना ताई उजव्या हाताचा तळवा समोरच्याच्या छातीपाशी क्षणभर धरायच्या आणि मग पाठ वळवून चालू लागायच्या. सुपरमार्केटच्या रांगेतून विसरलेलं दही आणायला जाताना, फोन खाली ठेवताना, गणपतीच्या आरतीतून मध्येच उठताना, सगळीकडे हेच. तुमच्याही ओळखीत 'आलोच' म्हणून जाणारी आणि तासाभराने उगवणारी माणसं असतील. ताई त्यातल्या नव्हत्या. त्या खरोखर यायच्या. एकदा आमच्याकडे जेवताना पाऊस वाढला तशा "आलेच" म्हणून उठल्या, सायकलवरून तबेल्यात जाऊन आपल्या घोडीच्या पाठीवर पांघरूण घालून आल्या आणि गार झालेला आमटीभात निमूटपणे संपवला.

हॉलंडमधल्या न्यूनेन गावात आमच्या मागच्या गल्लीत त्या एकट्या राहायच्या. तरुणपणी शिकायला म्हणून आल्या, नोकरी भिंगांच्या संशोधनात झाली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्यातली माणसं पुण्यात फ्लॅट बघतात त्या वयात त्यांनी घोडी घेतली. तीही कशासाठी, तर काउबॉय लोकांच्या पद्धतीने, भलंमोठं खोगीर घालून आणि एका हातात लगाम धरून ज्या स्पर्धा होतात, त्यात उतरण्यासाठी. गावाबाहेर मार्लीस नावाच्या बाईचा तबेला आहे, तिथे या स्पर्धा भरतात. इथल्या ब्राबांट प्रांताच्या चिखलात रुंद टोप्या घालून जमलेले ते गुरांशिवायचे गुराखी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आवरेना.

"हस तू," ताई म्हणाल्या. "आधी नियम वाच, मग हस."

नियम मी वाचले, कारण त्यांनी मला परीक्षकाशेजारी बसून गुण लिहिण्याच्या कामाला जुंपलं. घोड्याजवळ जाणार नाही, या एका अटीवर मी तयार झालो. लगाम एकाच हातात धरायचा, दुसरा हात लागला की शून्य. आखून दिलेला मार्ग चुकला की शून्य. बाहेरून कुणी मदत केली, नुसता एक शब्द जरी टाकला, तरी बाद. ताईंनी हे कायदे घरातही लागू केले होते. मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला की त्या डोळे वटारायच्या, "दोन हात? शून्य!" स्वतः तर भर वाऱ्यातही सायकल एका हाताने चालवायच्या, आणि दुसरा हात मांडीवर. ताई रस्त्याकडेच्या कालव्यात कशा पडल्या नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी आखलेला मार्ग आधी पायी चालून बघायचा असतो. सगळेच स्पर्धक तसं करतात, हातात कागद आणि कॉफी घेऊन, गप्पा मारत. ताईंचं चालणं मात्र वेगळं होतं. डावी मूठ बेंबीसमोर, नजर लांब, वळणावर अंग किंचित आत कललेलं. एका धुक्याच्या सकाळी मी जरा लवकरच पोहोचलो. तबेला आणि मैदान यांच्यामधल्या विटांच्या भिंतीला एक दार आहे, त्यात उभा राहिलो. मैदानात ताई एकट्याच होत्या. त्या थांबल्या, रिकिबीतून पाय काढावा तसा पाय उचलून खाली उतरल्या, मूठ उघडली, "थांब हं, आलेच" म्हणाल्या आणि समोरच्या रिकाम्या जागेला वळसा घालू लागल्या. तिथे कुणाला आपला धक्का लागू नये इतक्या जपून.

मला मागून एक श्वास ऐकू आला. तबेल्यात, आपल्या खणात ताईंची घोडी उभी होती. कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, दांडगी. कागदोपत्री तिचं नाव हातभर लांब इंग्रजी होतं, ताई तिला ठमी म्हणायच्या. तिच्यापुढे नुसती भिंत होती. मैदान तिला दिसणं शक्यच नव्हतं. पण तिचे कान हळूहळू फिरत होते. ताई त्या रिकाम्या जागेच्या डावीकडे होत्या तेव्हा कान डावीकडे, त्या मागून गेल्या तेव्हा कान मागे, उजवीकडे आल्या तेव्हा उजवीकडे. बाहेर ताई चालत होत्या रिकाम्या जागेभोवती, आणि इथे आत घोडी ऐकत होती स्वतःभोवती. दारात उभा असल्यामुळे मला दोघीही दिसत होत्या. 

मी इंजिनिअर माणूस. घोड्याचे कान तीक्ष्ण असतात, असं स्वतःला बजावलं आणि कॉफी घ्यायला गेलो.

ताई ज्याची तयारी करत होत्या, तो अडथळा दिसायला सगळ्यांत सोपा. स्वाराने खाली उतरायचं, लगामाचं एक टोक जमिनीवर सोडायचं, घोड्याभोवती फेरी घालून किंवा सरळ दूर जाऊन परत यायचं. घोड्याला बांधायचं नाही. मालक येईपर्यंत त्याने एक पाऊलही न हलवता उभं राहायचं. ठमी बाकी सगळं करायची, पूल ओलांडायची, फाटक उघडताना अंग चोरून उभी राहायची. पण ताईंनी पाठ वळवली की ती मागे निघालीच. दर स्पर्धेत, अगदी न चुकता. शेजारी बसलेली परीक्षक सुस्कारा सोडायची आणि मी गुण कापायचो.

"कुणी आपल्यामागे आलं म्हणून दंड," ताई एकदा म्हणाल्या. "जगात आणखी कुठे असतो का रे असला नियम?"

त्याचं कारण त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं, ठमीचे खूर साफ करता करता. तिच्या आधीच्या मालकाने एका सकाळी तिला कुरणात सोडलं, लगाम काढला आणि तो निघून गेला. परत आलाच नाही. फाटकाशी उभी राहून राहून ती नुसती हाडं उरली होती. तेव्हापासून, उतरलेला माणूस परत येतो यावर तिचा विश्वास नाही.

"मला बक्षीसबिक्षीस नको," ताई म्हणाल्या. "तिला एकदा हे पटलं पाहिजे. गेलेलं माणूस परत येतं, एवढंच." मग खूर खाली ठेवून म्हणाल्या, "आईलासुद्धा मी 'आलेच' असं म्हणूनच निघाले होते. सांगलीच्या स्टँडवर. ती गेली तेव्हा मी विमानात होते."

त्यानंतर मी त्यांच्या 'आलेच'ला कधी हसलो नाही.

त्या शरद ऋतूत ताईंचं दुखणं निघालं, आणि निघालं तेच फार पुढे गेलेलं. आइंडहोवनच्या हॉस्पिटलात मी ऑफिसातून लवकर निघून, दुपारच्या चहाच्या सुमारास जायचो. त्या अगदी लहान दिसायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं, ते त्यांनी मला हवामान सांगावं तसं सांगितलं. रडल्या त्या ठमीवरून.

"मी तिला काय शिकवत होते? गेलेलं माणूस परत येतं म्हणून. आणि आता मीच जाते आहे. तिला फसवल्यासारखं होईल रे."

"ताई, मार्लीस तिला सांभाळणार आहे. काही कमी पडणार नाही तिला."

"खाणंपिणं नाही म्हणत मी," त्या चिडून म्हणाल्या. "मी शब्द दिलाय तिला."

पुढे पुढे त्या डोळे मिटूनच असायच्या. पण मी बसलेला असताना त्यांची डावी मूठ चादरीवर बेंबीसमोर वळलेली दिसायची आणि पांघरुणाखाली पाय हलायचे. तळमळत नव्हते ते पाय, चालत होते, एका मागोमाग एक, वळण घेत. मग मूठ उघडायची आणि ओठ हलायचे. काय म्हणत होत्या, ते मला वाकून ऐकावं लागलं नाही.

एकदा हॉस्पिटलातून परतताना मी ताईंची खबर द्यायला तबेल्यावर थांबलो. मार्लीस ही अघळपघळ, खणखणीत बोलणारी ब्राबांटची बाई. शेण काढता काढता म्हणाली, "तुला एक सांगू? रोज चहाच्या वेळी तुमची घोडी कुरणात एका जागी थांबते. चरणं सोडून. आणि कान फिरवते, असे, गोल. मग परत चरायला लागते."

"माशी असेल एखादी."

"डिसेंबरात?" मार्लीस म्हणाली आणि ढकलगाडी घेऊन पुढे गेली.

मी घरी निघालो. आणखी विचारलं असतं तर मला तिथे रोज थांबावंसं वाटलं असतं, आणि तेवढी छाती माझ्यात नव्हती.

नाताळच्या आधी ताई गेल्या. अंत्यसंस्काराला मार्लीस बूट घासूनपुसून आली होती. तिथून ती सरळ कुरणात गेली आणि ठमीच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. एवढी तगडी बाई, पण मनाने फार हळवी.

हिवाळाभर मार्लीसने ठमीला उभं राहायला शिकवायचा प्रयत्न केला. ताईंचं ते वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं. तिच्या तोंडी त्याचं काहीतरी भलतंच व्हायचं आणि ठमी गपचूप तिच्यामागे चालू लागायची. शेवटी मार्लीसने नाद सोडला. म्हणाली, वसंतातल्या स्पर्धेत उतरवते तिला, पण ते गुण गेले असंच धरून चालू या.

त्या दिवशी बाहेर धुकं होतं, म्हणून स्पर्धा बंदिस्त मैदानात घेतली. नेहमीप्रमाणे मी परीक्षकाशेजारी बसलो. ही परीक्षक नवीन होती, जर्मनीहून आलेली, ताईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. प्रेक्षक थोडे होते आणि कडेच्या बाकांवर अंग आखडून बसले होते. मार्लीसने पूल ओलांडला, फाटक उघडून बंद केलं आणि मग त्या जागी आली. उतरली. लगामाचं टोक वाळूवर सोडलं आणि काहीएक न बोलता सरळ समोरच्या पिंपाकडे चालत गेली. पिंपावरचा रेनकोट घेऊन परत यायचं होतं. रेनकोटाचा पट्टा अडकला. तो सोडवत ती तिथेच खोळंबली.

ठमी उभी राहिली.

मी पेन टेकवून वाट बघत होतो. तिने पाऊल उचललं नाही. आणि मग तिचे कान हलले. मार्लीस तिच्या अगदी समोर होती, पण कान तिच्याकडे नव्हते. ते डावीकडे वळले. हळूहळू मागे गेले. मागून उजवीकडे आले. चालणाऱ्या माणसाच्या गतीने. तिच्या बाजूची वाळू कोरी होती, तिथे कुणीही नव्हतं, आणि मैदानात शिंकेचासुद्धा आवाज नव्हता. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. पण खरं सांगतो, त्या भीतीच्या मध्यभागी मला अतोनात आनंदही झाला.

मार्लीस रेनकोट घेऊन परत आली, घोडी जागेवर आहे हे पाहून थबकली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

परीक्षक माझ्याकडे झुकली. "घोड्याशी कोण बोललं?" तिने हळू आवाजात विचारलं. "बाईचा आवाज होता. दोन-तीन शब्द. भाषा मला कळली नाही. बाहेरून मदत चालत नाही, तुम्हाला माहीत आहे."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी मैदानाकडे बघितलं.

"बाहेरून कोणी नव्हतं," मी म्हणालो.

तिने मैदानावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "ठीक आहे. दंड नाही. लिहा."

मी लिहिलं. कान आता पुन्हा समोर आले होते. ठमीने मान खाली घातली आणि मैदानभर ऐकू जाईल असा एक लांब श्वास सोडला, घरचं माणूस वेळेवर परत आलं की आपण सोडतो तसा.