शोभाताईकडे गुड्डीचं बाळंतपण

खरं सांगू, मले शोभाताईवर पहिल्या दिवसापासूनच संशय होता. जी बाई दूधवाल्यालेही उंबऱ्याच्या आत पाय टाकू देत नाही, ती दुसऱ्याची मांजर, अन् तेही पोटुशी मांजर, स्वतःहून घरात काहून घेईन?

माझं नाव मयुरा. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत राहते. गल्लीतले लोक मागून मले आकाशवाणी म्हणते, मले माहीत आहे. म्हणू द्या बाप्पा. काही अडलं की हेच लोक सगळ्यात पहिले माझं दार वाजवते. नत्थूजीनंही तेच केलं.

नत्थूजी समोरच्या घरात एकटे राहते. जन्मभर कळमन्याच्या मार्केटात संत्र्याच्या पेट्या वाहिल्या. बायको गेली त्या साली तिथूनच एक पिल्लू शर्टाच्या खिशात घालून आणलं, तीच ही गुड्डी. आता डोळ्याचं ऑपरेशन रायपूरले लेकीकडे ठरलं होतं. लेक म्हणे, बाबा तुम्ही या, पण मांजर आणू नका, पोराले दम्याचा त्रास आहे. अन् इकडं गुड्डीचं पोट टम्म. नत्थूजीनं मले सरळ सांगून टाकलं, गुड्डीची सोय लागली तर मी जातो, नाही तर एका डोळ्यानं दिसते तेवढं पुरे आहे मले.

मग मीच गल्लीच्या ग्रुपवर टाकलं: गुड्डीले बाळंतपणापुरती, महिनाभर जागा पाहिजे, खाऊ आमचा अन् साफसफाईही आमची. काय सांगू तुम्हाले, सल्ल्यांचा पाऊस पडला, जागा कोणीच देईना. एकानं जात विचारली, म्हणजे मांजरीची. एका बाईनं विचारलं व्हेज आहे का. एक जण म्हणे कळमन्याच्या गोदामात नेऊन सोडा, उंदरायचाही बंदोबस्त होईन. रितिका म्हणून कॉलेजची पोट्टी आहे, ती एका पायावर तयार होती, पण तिच्या घरमालकिणीनं मलेच फोन करून झापलं. बाकी सगळ्यांचं एकच उत्तर, महालक्ष्म्या होऊन जाऊ द्या, मग पाहू.

पुण्या-मुंबईकडे ज्यायले गौरी म्हणते, त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. भाद्रपदात तीन दिवस माहेरपणाले येते, दोघी बहिणी. लोखंडी स्टँडवर उभ्या करायच्या, वरून मुखवटे, भरजरी साड्या, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील अन् पुरणपोळी. ज्याच्या घरी त्या बसते त्याच्या घरी तीन दिवस सोवळं म्हणजे सोवळं. त्यात मांजराचे केस कोणाले पाहिजे?

अन् नेमका शोभाताईचा फोन आला. म्हणे, आणून द्या माझ्याकडे. मी दोनदा विचारलं, कोणाले आणू? तर म्हणे, त्या बाळंतिणीले.

आता शोभाताई कोण ते ऐका. मूळचं घर सावनेरचं, सासरे गेल्यावर नवरा-बायको इथं नागपुरात आले. नवरा अगदी गरीब गाय. मुलगा स्वानंद, बँकेत आहे. शोभाताईच्या स्वयंपाकघरात मी इतक्या वर्षांत गेली नाही, दारातूनच बोलायचं. नव्या माणसाले पाणी देण्याआधी आडनाव विचारते, तोंडावर विचारते, मले त्याचा रागही येते. पण बाईचा एक सल होता. त्यायच्या घराण्याच्या महालक्ष्म्या सावनेरले जेठाकडे, म्हणजे थोरल्या दिराकडे, शालिकरामजीकडे बसत. धाकट्या सुनेनं दरवर्षी जाऊन राबायचं, पुरण वाटायचं, भांडी घासायची, परत यायचं. आपल्या घरी त्या याव्या म्हणून बाई तीस वर्षं झुरली. औंदा शालिकरामजीचे गुडघे गेले अन् त्यायनं कबूल केलं की या वर्षी महालक्ष्म्या नागपूरले बसू दे. पण अट घातली. काही उणं-दुणं झालं, विटाळ-चंडाळ झाला, तर पुढच्या साली परत सावनेरले, मग पुन्हा नाव काढायचं नाही.

म्हणजे जिचं सगळं या तीन दिवसांवर टांगलेलं, तिनं गाभण मांजर घरात घ्यावी? मले झोप येईना. मी ठरवलं, कारण काढल्याबिगर राहायचं नाही.

नत्थूजी रायपूरले गेले, अन् दोन्ही वेळ गुड्डीले पाहायच्या निमित्तानं मी शोभाताईकडे जायची. मागच्या खोलीत शोभाताईनं टोपलं ठेवलं होतं, त्यात स्वतःचं धुतलेलं जुनं लुगडं. मी पॅकेटातला सुका खाऊ आणायची, त्यात मासळी असते हे शेंबडं पोरही सांगन. शोभाताई पदर नाकाले लावून विचारायच्या, "बिस्किटंच आहे ना वं?" मी म्हणायची, हो, बिस्किटं. त्या म्हणायच्या, बस मग. पुढं विचारायच्या नाही. अशी ही बाई! मी आडून विचारलं, समोरून विचारलं, नवऱ्यालेही विचारून पाहिलं. नवरा म्हणे, तिनं मलेही नाही सांगितलं. गुड्डी मात्र मजेत. शोभाताई जवळ बसल्या की त्यायच्या पायावर डोकं टाकून झोपायची, अन् शोभाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीबाही पुटपुटायच्या. मी दाराआडून कान लावला, पण ऐकू नाही आलं.

महालक्ष्म्या आल्या. शालिकरामजी अन् जाऊबाई, गोपिकाबाई, गाडीत मुखवटे घेऊन सावनेरहून आले. कुंकवाची पावलं, हळदीचे छापे, साड्या नेसवणं, सगळं थाटात झालं. शालिकरामजी खुर्चीत बसून नजर फिरवत होते, ही समई अशी काहून, तो फुलोरा तिरपा काहून. गोपिकाबाई मुळातच अबोल, नवऱ्यापुढं तर तोंडच उघडत नाही. शोभाताईचा चेहरा काय खुलला होता म्हणून सांगू. नवी नवरीही फिकी पडन.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुड्डी टोपल्यात नव्हती. शोभाताईनं मले हळूच बोलावून घेतलं. मागची खोली पाहिली, गच्ची पाहिली, नत्थूजीच्या दारापर्यंत जाऊन आली. नाही म्हणजे नाही. आता नत्थूजीले काय तोंड दाखवू? शोभाताईचं अर्धं लक्ष पुरणात अन् अर्धं दाराकडे. तेवढ्यात पाव्हणे यायले लागले, ताटं वाढली, आरती सुरू झाली.

आरती संपली, सगळे हात जोडून उभे, अन् धाकट्या महालक्ष्मीच्या साडीतून बारीक आवाज आला. म्याँव नाही, त्याहून बारीक. मग दुसरा, मग तिसरा. माझ्या लक्षात आलं. स्टँड कमरेपर्यंत पोकळ असते, खाली गव्हाची रास घातलेली, वरून साडीचा घेर. शालिकरामजीनं गोपिकाबाईले खुणावलं. त्यायनं वाकून निऱ्या बाजूले केल्या. गव्हाच्या राशीवर गुड्डी आडवी पडलेली अन् तिच्या पोटाशी चार पिल्लं लुचून राहिली होती.

घरात पन्नास माणसं, सगळे माना लांबवून पाहून राहिले. मले तर, खोटं काहून बोलू, इतक्या भीतीतही पिल्लं कोणत्या रंगाची आहे ते पाहायचं होतं.

शालिकरामजी खुर्चीतून ताडकन उठले, गुडघे विसरले. म्हणे टोपलं आणा, ते सगळं बाहेर काढा, महालक्ष्म्या उतरवा, गहू फेका, गोमूत्र शिंपडा अन् मग पुन्हा बसवा. कोणी तरी मागून म्हटलं की एकदा बसलेल्या महालक्ष्म्या तिसऱ्या दिवसाआधी हलवत नाही. त्यावर ते म्हणे, मग मांजर हलवा. अन् शोभाताईकडे वळून थंडपणे बोलले, "ठरलं होतं तसं. पुढच्या साली सावनेरले."

मले वाटलं बाई आता रडन, पाया पडन, मांजर माझ्यावर ढकलून देईन. मी तर मनात उत्तरही जुळवून राहिली होती. शोभाताई महालक्ष्मीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या, निऱ्या पुन्हा नीट केल्या, अन् म्हणाल्या, "भाऊजी, बाळंतीण उठवायची नाही."

शालिकरामजी म्हणे, अहो मांजर आहे ती.

"मांजर असो. मले उठवलं होतं तुम्ही, म्हणून सांगून राहिली."

मग बाई बोलली. इतकी वर्षं तोंडाले कुलूप होतं, ते उघडलं. स्वानंदच्या वेळची गोष्ट. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी सावनेरच्या घरात शोभाताईच्या पोटात दुखायले लागलं. दिवस भरले नव्हते. घरात बाळंतपण झालं तर सोयर लागते, अन् सोयर लागलं की महालक्ष्म्या बसवता येत नाही. सासूनं अन् शालिकरामजीनं ठरवलं, हिले माहेरी पांढुर्ण्याले पाठवा, बातमी महालक्ष्म्या उठल्यावरच कळवा. कळा सुरू असताना बाईले जीपमध्ये बसवलं. रस्त्यात काही निभेना, तेव्हा ड्रायव्हरनं एका खेड्यात दिसलं त्या घरापुढं जीप थांबवली. त्या घरात महालक्ष्म्यांची मांडणी चालू होती. घरची बाई हातातली साडी टाकून बाहेर आली, शोभाताईले धरून आत नेलं, महालक्ष्म्या मांडायच्या त्याच खोलीत एका बाजूले धोतराचा पडदा लावला, अन् तिथं स्वानंद झाला. तिच्या सासूनं आरडाओरडा केला की ही नसती ब्याद बाहेर काढ. ती सासूले म्हणाली, बाळंतीण उठवायची नाही, महालक्ष्म्याही बाईच आहे, त्यायले समजते. पडद्याच्या एका अंगाले आरती, दुसऱ्या अंगाले शोभाताई. पाचवी पुजूनच तिनं शोभाताईले माहेरी पोचवलं.

मले राहवलं नाही. इतक्या लोकात मी विचारलंच, "कोण होती वं ती बाई? नाव काय तिचं?"

"मावशी म्हणत होती मी," शोभाताई म्हणाल्या. "तिनं माझं आडनाव नाही विचारलं मयुरा, म्हणून मलेही तिचं विचारायची लाज वाटली. तिनं ताट वाढलं, मी जेवली."

आडनाव न विचारता जेवल्या! शोभाताई! मी त्यायच्या तोंडाकडे पाहतच राहिली. स्वानंद वड्यांचं ताट धरून उभा होता. त्याले आतापर्यंत एवढंच माहीत, की तो मामाच्या घरी झाला. पोट्ट्यानं ताट खाली ठेवलं अन् आईच्या बाजूले जाऊन उभा राहिला.

शोभाताई गोपिकाबाईकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, उलट नरमच होता. "माझं बोचकं तुम्हीच बांधलं होतं ना जाऊबाई?" गोपिकाबाईनं हो म्हणून मान हलवली. "महालक्ष्म्या न्यायच्या असन तर न्या, भाऊजी," शोभाताई म्हणाल्या. "पण त्या इथं आहे तोवर गुड्डी तिथून उठणार नाही."

शालिकरामजी जेवले नाही, ताटावरून उठले. बाकीचे मात्र जेवले, नागपूरचे लोक पुरणपोळी टाकून उठत नसते. जाताना एकेक बाई वाकून निऱ्यांच्या फटीतून डोकावून जाई. तीन पिल्लं ठिपक्यांची अन् एक पूर्ण पांढरं. मी नत्थूजीले रायपूरले फोन लावला, तर गडी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं रडायले लागला. डॉक्टर रागावन म्हणून मीच फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, महालक्ष्म्या हलवल्या. गुड्डी तोवर आपणच एकेक पिल्लू तोंडात धरून मागच्या खोलीत घेऊन गेली होती. शालिकरामजीनं मुखवटे बांधायले सांगितलं अन् गाडीत जाऊन बसले. शोभाताईनं दोघींची ओटी भरली, मुखवट्यांच्या गालावरून हात फिरवला, अन् मग जे रडल्या ते पदर तोंडात कोंबून रडल्या. तीस वर्षांची हौस अन् तीन दिवसात संपली. मलेही रडू आलं, मी लपवलं नाही. वाटत होतं की आपण तो मेसेज टाकलाच नसता तर बरं झालं असतं.

गोपिकाबाई खाली बसून मुखवटे एकेक करून कापडात गुंडाळत होत्या. मोठी, मग धाकटी. आमच्याकडे महालक्ष्म्यांबरोबर त्यायची बाळंही मांडते, एक मुलगा अन् एक मुलगी, त्यायचे इवलेसे दोन मुखवटे. गोपिकाबाईनं ते उचलले अन् शोभाताईच्या ओटीत ठेवले. शोभाताईले वाटलं गुंडाळायले दिले, त्यायनं कापडासाठी हात पुढं केला.

"राहू दे तुझ्याकडेच," गोपिकाबाई म्हणाल्या. "बाळं इथं राहिली तर आया सावनेरले कशा बसन? पुढच्या साली मी त्यायले घेऊन येते. हे काही म्हणो."

बाहेर शालिकरामजीनं हॉर्न वाजवला. गोपिकाबाईनं मुखवट्यांचा डबा उचलला, चपला घातल्या अन् गाडीत जाऊन बसल्या.