फ्री झाल्याचे पेढे

बोईसरच्या कंपन्यांमध्ये ‘फ्री’ या शब्दाला सगळे घाबरतात. ‘त्याला फ्री केलं’ म्हणजे त्याला कामावरून काढलं. सकाळी गेटवर ठेकेदाराने म्हणायचं, “तू आजपासून फ्री,” की माणूस भरलेला डबा घेऊन आल्या वाटेने परत.

मी मेहकरकडची. आठवीत शाळा सुटली, मोठ्या बहिणीच्या पाठोपाठ इकडे आले. बहीण पुढे गावी परतली. मी राहिले ती टॉवेलच्या कंपनीमुळे. आमचं घडी खातं. टॉवेल तीन पदरी दुमडायचा, कडा जुळवायच्या, पट्टी चढवायची, पेटीत ठेवायचा. काम साधं आहे, पण त्याच्यावर मी जवळच सालवडला भाड्याने स्वतःची खोली केली. दाराचं कुलूप माझं, किल्ली माझी. आमच्या घरात अशी किल्ली आजवर कुठल्या बाईकडे नव्हती. म्हणून हे काम जाईल ही भीती मला रोज वाटते, पगाराच्या दिवशी जरा जास्तच.

त्या वर्षी काम मंद होतं. विलायतेचं गिऱ्हाईक आपल्या शेजारच्या देशाकडून माल घ्यायचं, कारण त्यांच्या टॉवेलला तिकडे कर नव्हता, आमच्याला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की पेट्या कमी आणि जांभया जास्त.

असंच एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर सुपरवायझर खात्यात आले. ते उत्तरेकडचे, त्यांना मराठी समजतं पण बोलतात हिंदी. हातात पेढ्यांचा पुडा. माझ्यापुढे धरून म्हणाले, “करार हो गया, दीदी. अब अपना सब फ्री.” आणि हसत पुढे गेले.

आम्हा ठेक्यावरच्या बायकांना करार एकच माहीत, ठेकेदाराचा. ‘हो गया’ म्हणजे संपला. आणि फ्री म्हणजे काय ते वर सांगितलंच. माझ्या शेजारी घडी घालणारीने पेढा तोंडात टाकला, अर्धा चावला आणि विचारलं, “काढतायत ना आपल्याला?” मी मान हलवली. तिने उरलेला अर्धाही खाल्ला. म्हणाली, “पेढा काय थुंकायचा?”

संध्याकाळी घरी आले तेव्हा घरमालकीण मावशी ओट्यावर सुकट निवडत होत्या. माहेर एडवणचं, त्यामुळे सुकट विकत घेतानाही त्या दुकानदाराला समुद्राच्या गोष्टी सांगतात.

“मावशी, महिनाअखेर खोली सोडते.”

“का गो? सुकटीचा वास येते म्हनून?”

“कामावरून फ्री केलं सगळ्यांना. करार संपला. पेढे वाटले.”

मावशींनी सूप खाली ठेवलं. “काढल्याचे पेढे? तुमची कंपनी लय मायाळू हाय गो. आमच्या जावयाला काढतील तवा चहा पन नाय देनार.”

मी घाबरट आहे, आणि घाबरट माणूस आवराआवरीला फार पटकन लागतो. दुसऱ्या दिवशी मी टेबलफॅन, मिरचीचं झाड आणि लोखंडी तवा मावशींना देऊन टाकला. एवढी वर्षं त्यांनी मला कधी परकं मानलं नव्हतं, तापात पेज करून दिली होती. त्यांच्याकडे आपलं काहीतरी राहावं, असं वाटलं. मावशींनी नको-नको म्हटलं नाही. त्याच रात्री त्या तव्यावर तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या आणि मला जेवायला बोलावलं.

खात्यातही बातमी पसरली. कुणी मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम विचारायला गेली, कुणी गावची गाडी पकडली. महिनाअखेरपर्यंतचा पगार सोडायचा नाही म्हणून मी जात राहिले. दोन दिवसांनी पाहते तर अर्धं खातं रिकामं, आणि गेटवर पुठ्ठ्याच्या कोऱ्या पेट्यांनी भरलेला ट्रक उभा. सुपरवायझर घामाघूम.

“सब लोग कहाँ गए?”

“तुम्हीच फ्री केलं ना,” मी म्हटलं. “पेढेपण वाटले.”

ते मटकन गाठोड्यावर बसले. आधी काही समजेना, मग समजलं तसे इतके हसले की ठसका लागला. मग हाताने आकाशात दोन देश काढून दाखवले, मधे एक रस्ता. दोन सरकारांचा करार झालाय. त्या रस्त्यावरून आपला टॉवेल तिकडे गेला की आता कर नाही, म्हणून गिऱ्हाईक परत आपल्याकडे वळलंय. “माल फ्री हुआ है, दीदी. आदमी नहीं.”

तो दिवस आम्ही फोन करण्यात घालवला. एकजण भुसावळहून परत फिरली.

संध्याकाळी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांचे जावई आले होते. ते रस्त्यापलीकडच्या कारखान्यात यंत्राचे सुटे भाग करतात. ते म्हणाले, “तुमचा माल जायला फ्री, तसे त्यांचे सुटे भाग इकडे यायला फ्री. आमचा मालक तोंड पाडून बसलाय.” मला लाज वाटल्यासारखं झालं, जणू त्यांच्या ताटातलं मी उचललं. नाक्यावर तेव्हा एका पक्षाचा अभिनंदनाचा फलक होता आणि दुसऱ्याचा निषेधाचा, दोन्ही एकाच बांबूला बांधलेले. मावशी म्हणाल्या, “मत मागाला दोगं येतात. करार करताना कोनी इचारला? ना माज्या जावयाला, ना ह्या पोरीला.” जावई हसले, आणि मग मीही. त्यांचं काम अजून टिकून आहे. मावशी मात्र ते आले की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतात, मग पाणी देतात.

मग मी माझ्या वस्तूंचा विषय काढला. फॅन लगेच मिळाला. मिरचीचं झाडही, चार मिरच्या कमी.

“आणि तवा, मावशी?”

“तवा नाय. त्याला आता माज्या चुलीची सवय झाली.”

“मग मी भाकरी कशावर भाजू?”

“भाजाची कशाला? तवा माज्याकडं, भाकर तुज्याकडं. झाला करार.”

तेव्हापासून कामावरून आले की माझ्या उंबऱ्यावर फडक्यात गुंडाळलेली तांदळाची भाकरी असते. गावी फोनवर हे सांगितलं की आई विचारते, ज्वारी सोडलीस का गं. मी म्हणते, सोडली नाही, पण इथे माझा करार झालाय. आईलाही करार म्हणजे ठेकेदाराचाच माहीत. ती घाबरून विचारते, “संपला?”