पागनिसांच्या हातचे हरभरे

आमच्या गल्लीत, धारला, मार्तंडकाका पागनीस राहतात. पागा म्हणजे संस्थानचे घोडे बांधायची जागा, आणि त्या घोड्यांच्या दाणावैरणीचा हिशेब ठेवणारा तो पागनीस. काकांच्या कुठल्याशा पूर्वजाला हे काम मिळालं आणि कामाचंच आडनाव झालं. पुढे काम गेलं, आडनाव मात्र पसरलं. एक शाखा देवासला गेली, एक ग्वाल्हेरला. आता एक पागनीस डोंबिवलीत दातांचे डॉक्टर आहेत, एक मेलबर्नला. यांतल्या कुणालाही घोड्याजवळ उभं करा, पळत सुटेल.

काका स्वतः शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. पण दसऱ्याला त्यांच्या दारात घोडा लागतोच. घरचा घोडा पणजोबांबरोबर संपला, म्हणून वरातीची घोडी भाड्यानं आणतात. तिला ओवाळायचं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची पहिली ओंजळ पागनिसानंच भरवायची, अशी घरची रीत. आपल्यामागे ती कोण भरवणार, ही काकांची एकच काळजी.

खरं तर काळजीचं कारणच नव्हतं. वैष्णवी होती ना! काकांची मुलगी, देवासला दिलेली. दर दसऱ्याला ती येते, हरभरे तीच भिजवते, बिथरलेल्या घोडीला थोपटून तीच शांत करते. लग्नाआधी एकदा तिनं ओंजळ पुढे केली होती. काका म्हणाले, "तू उद्या दुसऱ्या घरची. हे काम सार्थकचं." सार्थक तिचा धाकटा भाऊ, तो तेव्हा घोडीला घाबरून स्वयंपाकघरात लपला होता. मी तिथंच उभा होतो, आणि तेव्हा मला काकांचा आलेला राग अजून गेलेला नाही. गणिताचे मास्तर, आणि एवढा साधा हिशेब कळू नये!

या वर्षी काकांनी सार्थकच्या मागे धोशा लावला होता, "या खेपेला ओंजळ तू भरव, मला आता झेपत नाही." दसऱ्याला घोडी दारात आली आणि सार्थकचा बंगळुरूहून फोन आला. काकांनी तो स्पीकरवर घेतला.

"बाबा, छुट्टी नाही मिळाली. आणि खरं सांगू? पुढेही माझ्या भरोसे नका राहू. मी इथं गाडीला हार घालतो ना, तेच समजा."

काकांनी फोन खिशात ठेवला. घोडीवाला दीपेश दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी घाई करत होता, "काकासाब, जल्दी करो, मेरेको चल समारोह में पोंचना है."

काकांनी हरभऱ्यांचं पातेलं उचलून वैष्णवीसमोर धरलं. "घे. आजपासून तूच."

तिची मुलगी उर्वी शेजारीच उभी होती. वैष्णवीनं तिच्याकडे पाहिलं. "नको बाबा," ती म्हणाली. "तेव्हा दिलं असतं तर धावत घेतलं असतं. आज घेतलं तर ही काय शिकेल? भाऊ नाही म्हणाला की मग आपला नंबर लागतो, हेच ना?"

आवाज चढवला नव्हता तिनं. काकांची मान खाली गेली. "चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं." त्यांनीच ओंजळ भरली. घोडीच्या तोंडाशी नेईपर्यंत निम्मे हरभरे रस्त्यावर सांडले. वैष्णवी लगाम धरून उभी राहिली, मला मात्र तिकडे बघवेना.

संध्याकाळी ती देवासला निघाली तेव्हा काकांनी भीतभीत विचारलं, "पुढच्या दसऱ्याला येशील?"

"येईन की," ती म्हणाली. "तुम्हाला भेटायला. घोडी नका मागवू."