कलेक्टरणीचा अंगठा

घनसावंगीत तहसीलदारांपेक्षा जास्त अर्ज एका बाईकडे यायचे, आणि त्या बाईला वाचता येत नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला तालुक्यात काय भाव आहे ते मात्र विचारू नका. तिच्या घरात खोली हवी तर अर्ज. पाहुणा येणार, अर्ज. दोन दिवस गावी जायचं, अर्ज. गच्चीवर वाळत घातलेला माझा टॉवेल वाऱ्यानं उडून शेजारच्या म्हशीच्या शिंगात अडकला, तर तो सोडवायला जाण्याआधीही अर्ज. म्हैस तोवर टॉवेल मिरवत नदीकडे निघून गेली. आम्ही भाडेकरू तोंडावर तिला मावशी म्हणायचो आणि पाठीमागे कलेक्टरीण. तिला दोन्ही ठाऊक होतं. ‘मावशी तर कुणीबी म्हणतं. कलेक्टरीण म्हणायचं तर तोंडावर म्हणा की,’ असं ती एकदा डाळ पाखडता पाखडता म्हणाली, तेव्हा आम्ही चौघं चार दिशांना बघत होतो.

मी तिच्या दारात पोचलो तो अगदी टेकीला येऊन. परीक्षेच्या अभ्यासात एकाच अभ्यासिकेत एकाच खुर्चीवर इतकी वर्षं बसलो होतो, की शेवटी त्या खुर्चीला माझा आकार आला होता. नायब तहसीलदार झालो. आमच्या गावी, हसनाबादेत, सत्कार झाला. इतके हार पडले, की गावातल्या शेळ्यांनी आठवडाभर झेंडूशिवाय कशाला तोंड लावलं नाही. आई म्हणाली, ‘खोली घेतली की कळव. साहेबाचं घर बघायला येते.’ मीही ऐटीत म्हणालो, ‘चार दिवसांत कळवतो.’

घनसावंगीत माझ्यासाठी सरकारी क्वार्टर होतं. पण त्यात माझ्या आधीपासून एक पिंपळ राहत होता आणि सेवाज्येष्ठता त्याची होती. मग निघालो खोल्या बघायला. घरमालक मोठे अगत्याचे. साहेब आले, खुर्ची द्या, चहा ठेवा. खोली दाखवायचे, नळाला पाणी कधी येतं ते सांगायचे, आणि अगदी निघताना, सहज, चपला घालता घालता विचारायचे, ‘पूर्ण नाव काय म्हणलात साहेब?’ मी आडनावासकट सांगायचो. की त्यांना नेमकं आठवायचं, पुण्याहून भाचा येणार आहे, खोली त्याला शब्द देऊन ठेवलेली. त्या पंधरवड्यात घनसावंगीत पुण्याहून अकरा भाचे यायचे होते. एसटीनं ज्यादा गाड्या सोडल्या असत्या तरी मावले नसते. भाचे काही आले नाहीत. खोल्या तशाच राहिल्या.

हे आज हसत लिहितोय. तेव्हा हसू येत नव्हतं. दिवसभर लोक मला वाकून नमस्कार करायचे आणि संध्याकाळी मी तहसीलीच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या कागदांचे बस्ते सरकवून त्यांच्या मधे सतरंजी टाकायचो. आईचा फोन आला की सांगायचो, ‘रंग चालू आहे खोलीला.’ पंधरा दिवस रंग चालू होता. राजवाडासुद्धा तेवढ्यात रंगवून झाला असता.

शेवटी आमचे शिपाई म्हणाले, ‘साहेब, एक जागा हाये. पण तिथं तुम्हाला अर्ज करावा लागंल.’

‘करू की.’

‘चेष्टा न्हाई साहेब. खरोखरचा अर्ज.’

ती ओट्यावर बसून तूर निवडत होती. ठेंगणी, काळीसावळी, गळ्यात माळ, आणि डोळे असे की समोरच्याच्या खिशातली चिल्लर बाहेरून मोजावी. मी इतका कंटाळलो होतो, की उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं, ‘मावशी, आधीच सांगतो. माझं पूर्ण नाव हे असं असं आहे.’

‘तुला मी इचारलं का?’

‘नाही.’

‘मंग? अर्जात तुझं नाव लिही अन् बापाचं लिही. आडनावाला खोली लागत न्हाई, माणसाला लागते.’ मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, ‘चहा ठेवते. माझ्या हातचा चालतो ना तुला?’

हा प्रश्न त्या बाजूनं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. चहा दोन कप घेतला हे आठवतं.

मग कागद काढला आणि सगळी विद्या ओतली. तिच्यापुढे उभं राहून वाचायचं, असा नियम होता. मी वाचलं : ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास निवासाची निकड भासत असल्याने...’

‘थांब. कोण बोलून राह्यलं हे?’

‘मी.’

‘घरी आईशी असाच बोलतो का तू?’

‘नाही.’

‘मंग परत लिही. मला कळंल असं.’

तीन खर्डे झाले. परीक्षेतला निबंध मी एका दमात लिहिला होता; इथं घाम फुटला. चौथ्यांदा जे वाचलं ते एवढंच होतं : ‘मावशी, मला राहायला जागा नाही. मी खोली स्वच्छ ठेवीन. माझ्या आईला एकदा येऊन बघायचं आहे.’ ती म्हणाली, ‘हां. आता बराबर हाये.’ मग कोनाड्यातला लाकडी करंडा काढला, उजवा अंगठा कुंकवात बुडवला आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात दाबला. मंजूर. कागद पत्र्याच्या पेटीत. त्या अंगठ्याशिवाय तिच्या घरात पान हलत नसे, आणि अंगठा उठला की त्यावर अपील नसे.

विधवा बाईच्या घरात कुंकवाचा करंडा कसा, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्यात तिचा हात कुणी धरला नसता. ‘कपाळाचं पुसलं लोकांनी. करंडा कशाला फेकायचा? चांगलं कुंकू हाये. सरकारी कामाला येतं.’

तिचा नवरा आमच्याच तहसीलीत शिपाई होता. नोकरीत असतानाच गेला. त्याच्या पेन्शनसाठी ती बारा वर्षं त्या पायऱ्या चढली. ‘दर बारीला नवा अर्ज. दर बारीला उद्या या. उद्या गेलं की परवा या. मी लिहिणाऱ्याला पैसे देऊन अर्ज लिहून घ्यायची, अन् त्यात काय लिहिलं ते मलाच कळायचं न्हाई. मंग ठरवलं, खोल्या सरकारी माणसालाच द्यायच्या. त्यानं बी एकदा कागद धरून उभं राहून बघावं.’ पण तिच्या कचेरीत एक गोष्ट आमच्यासारखी नव्हती. ती कुणालाही ‘उद्या ये’ म्हणत नसे. हो की नाही, ते उभ्याउभ्या.

खोली मिळाली. भिंतीवर आमच्या घरातला निळ्या कोटातला फोटो लावायचा होता. मी शहाणपणानं अर्ज लिहून नेला. ती म्हणाली, ‘त्या फोटोला अर्ज लागत न्हाई. खिळा ठोकायचा, त्याला लागतो.’ आई आली तेव्हा पाहुण्याचा अर्ज नेला, तो तिनं वाचूही दिला नाही. ‘आई काय पाहुणी असती का रे?’ मग त्या दोघी ओट्यावर बसून माझ्या लहानपणीच्या अशा गोष्टी बोलत बसल्या, की अधिकाऱ्यानं घरी न थांबलेलं बरं.

सुक्या बोंबलाचा अर्ज हा मात्र तालुक्याच्या इतिहासातला एकमेव असावा. ती माळकरी, मला बोंबलाशिवाय महिना जात नाही. भीत भीत वाचला. तिनं डोळे मिटून ऐकला, समाधी लागल्यासारखा. ‘मंजूर. पण आधी सांगायचं, म्हणजे मी मारुतीच्या पारावर जाऊन बसन. अन् खिडकी उघडी ठेवायची.’ तेव्हापासून माझ्या खिडकीतून वास सुटला की अख्खी गल्ली म्हणायची, कलेक्टरीण दौऱ्यावर गेली. एकदा दीड महिना मी अर्जच केला नाही. तर तीच दारात आली. ‘बोंबलाचा अर्ज आला न्हाई? तब्येत बरी हाये ना तुझी?’

पण तिचं खरं काम संध्याकाळी असायचं. मी गाडी लावत असतानाच ओट्यावरून प्रश्न यायचा : ‘आज किती जणाला उद्या या म्हणलं?’ मी सांगायचो, ‘एकालाही नाही.’ हे मी इतक्या सफाईनं सांगायचो, की महिन्याभरात माझाच त्यावर विश्वास बसला.

मग एक दिवस घरी आलो, तर माझ्या खाटेवर एक म्हातारी बसलेली. पाय वर घेऊन, माझ्या कपात माझीच बिस्किटं बुडवून खात. दुपारी हिलाच मी परत पाठवलं होतं. निराधार योजनेचा अर्ज होता. एका दाखल्याची प्रत जोडायची राहिली होती. मी म्हणालो होतो, ‘आजी, उद्या या.’ तिच्या गावाकडची जीप निघून गेली होती आणि कलेक्टरणीला ती स्टँडवर सापडली होती.

‘मावशी, या इथं कशा?’

‘तू उद्या या म्हणलास ना? मंग उद्यापस्तोर राहायचं कुठं त्यांनी? तूच सांग. तुला म्हाईत हाये की, जागा नसली का कसं होतं.’

म्हातारी घाबरून उठायला लागली. ‘न्हाई, मी जाते, साहेबाला तरास नको.’

‘बस गं. साहेब ओट्यावर झोपतो. त्याला सवय हाये, बस्त्यात झोपलाय तो.’

रेकॉर्ड रूमचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. मी मान खाली घालून म्हातारीच्या पिशवीतले कागद बघितले. दाखला पिशवीतच होता. समोरच्या दुकानातून एक प्रत काढायची होती, बस. दुपारी विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम. सकाळी शिपायाच्याही आधी जाऊन मी कचेरी उघडली. म्हातारीचा अर्ज तिला मोठ्यानं वाचून दाखवला. तो लिहिणाऱ्यानं तिच्या नवऱ्याचं नाव चुकीचं लिहिलं होतं. सहा महिने कुणीच वाचलं नव्हतं, मीही नाही.

तेव्हापासून मी अर्ज वाचून दाखवतो, ज्याचा असेल त्याला. सहकारी हसतात, म्हणतात, कीर्तन सुरू झालं.

तीन वर्षांनी बदलीचा आदेश आला. खोली सोडायचा अर्ज लिहिला. चार ओळींचा, तिला कळेल असा. ती ओट्यावर, मी उभा. वाचला.

‘परत वाच.’

परत वाचला.

‘अजून एकदा.’

तिसऱ्यांदा वाचला. तिनं करंडा काढला. झाकण उघडलं. आत बघत बसली, जणू कुंकू संपलंय. मग झाकण लावलं.

‘आज अंगठा दुखू राह्यला,’ ती म्हणाली. ‘उद्या ये.’

मी अर्ज तिच्या हातात ठेवला आणि सामान बांधायला गेलो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मला नव्या जागी रुजू व्हायचं होतं. पहाटे सामानाची गाडी निघाली तेव्हा तिचं दार बंद होतं. ती कधीच इतका वेळ झोपत नसे.

फोन करायचो. ‘मावशी, माझ्या अर्जाचं काय झालं?’ ‘पेटीत हाये. घाई काय? सवडीनं ये, बघू.’ मी म्हणायचो, येतो, या रविवारी येतो. रविवारी निवडणुकीचं काम निघायचं. नंतर पूर. नंतर मुलीचं बारसं. घनसावंगी काही चंद्रावर नव्हती. पण मी ती एकेका रविवारानं तिकडे ढकलत नेली.

गेल्या उन्हाळ्यात तिची लेक मला शोधत कचेरीत आली. ती जुन्या जालन्यात असते. हातात पत्र्याची पेटी होती. ‘आई गेली,’ म्हणाली. ‘महिना झाला. तिनं सांगितल्तं, पेटी तुम्हाला द्यायची. अन् ती खोली तिनं कुणालाच दिली न्हाई. लोक इचारायला यायचे. सांगायची, साहेबाचा अर्ज मंजूर झाला न्हाई अजून. खोली खाली हाये असं कसं म्हणू?’

लेक निघून गेल्यावर मी पेटी उघडली. माझे सगळे अर्ज एका दोऱ्यात बांधलेले. खोलीचा, खिळ्याचा, बोंबलाचे तर गठ्ठाभर. प्रत्येकाच्या कोपऱ्यात विटत चाललेला लाल अंगठा. सगळ्यात वर शेवटचा. त्याचा कोपरा कोरा.

आता मला सरकारी निवासस्थान आहे. पिंपळाशिवायचं, दोन झोपायच्या खोल्यांचं. मावशीच्या दप्तरी मात्र मी अजून तिथंच राहतो. तो कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. समोर कुणी उभं असतं, घड्याळात पाच वाजत आलेले असतात, जिभेवर ते दोन शब्द येतात, आणि नजर त्या कोऱ्या कोपऱ्यावर जाते. म्हणतो, ‘बसा. वाचतो.’

सबंध आयुष्यात ती एकाच माणसाला ‘उद्या ये’ म्हणाली. आणि तो गेला नाही.